वाकळ दुसऱ्यासाठी शिवायची: मराठवाड्यातल्या एका रीतीची पार्श्वभूमी

मराठवाड्यात बाई स्वतःसाठी गोधडी, म्हणजेच वाकळ, शिवायला बसली आहे, असं सहसा ऐकू येत नाही. लेकीचं पहिलं बाळंतपण आलं, मुलगा शिकायला परगावी निघाला, नणंदेनं घर बांधलं, म्हणून गोधडी शिवायला घेतली जाते. हल्ली गोधडीविषयी जे लिहिलं जातं त्यात काटकसर आणि टाकाऊतून टिकाऊ यापलीकडे फारसं काही नसतं. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. गोधडी अडचणीतून जन्मली, पण इतकी वर्षं टिकली ती देण्याघेण्यामुळे, असं मला वाटतं.

कापड या मुलखाला नवं नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी वर्णनात पैठण आणि तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं आजचं तेर, या दोन पेठांचा उल्लेख आहे. तेरहून साधं कापड आणि मलमल गाड्यांमधून भडोचच्या बंदराकडे जाई. पण ज्याच्या रानात कापूस पिकतो त्याच्या अंगावर पुरेसं कापड असतंच असं नाही. लुगडं विरलं की मधला भाग काढून दंड घालायचा, म्हणजे उरलेले धड भाग जोडून शिवायचे, आणि तेच पुन्हा नेसायचं. तेही फाटलं की त्याचं धडपं, मग वाकळ आणि अगदी शेवटी पोतेरं. वर्षाला दोन लुगडी मिळाली तरी नशीब, अशा घरात कापडाचा हा प्रवास कुणाला शिकवावा लागत नसे.

थंडीचंही कारण होतं. मराठवाडा म्हटलं की बाहेरच्यांना फक्त ऊन आठवतं. पण परभणीचा पारा डिसेंबर-जानेवारीत कधीकधी ५ अंशांच्याही खाली जातो. धनगरांची घोंगडी ऊबदार, पण विकत घ्यावी लागे आणि तान्ह्या अंगाला टोचे. जुन्या सुती लुगड्याची वाकळ मऊ, घरची आणि धुता येण्यासारखी.

ती किती जुनी आहे याची एक खूण गंगाखेडच्या जनाबाईच्या कथेत सापडते. रात्री जनीकडे आलेला विठ्ठल पहाटे घाईत तिची वाकळ पांघरून देवळात गेला आणि त्याचं पदक तिच्याकडे राहिलं. त्यावरून तिच्यावर चोरीचा आळ आला. संतचरित्रकार महिपतींनी १८व्या शतकात ही कथा ओवीबद्ध केली. इतिहास म्हणून तिच्याकडे बघायचं कारण नाही. पण दासीजवळ देवाला पांघरायला देण्यासारखी एकच वस्तू होती आणि ती वाकळ होती, हे ऐकणाऱ्याला समजावून सांगावं लागत नव्हतं.

पुढे निजामाच्या राज्यात १९०० साली हैदराबाद-मनमाड रेल्वे सुरू झाली. नांदेड, परभणी, जालना, औरंगाबाद या वाटेनं कापसाच्या गाठी बाहेर जाऊ लागल्या आणि गिरणीचं कापड आत येऊ लागलं. औरंगाबादला गिरणी त्याआधीच निघाली होती, पुढे नांदेडला उस्मानशाही मिल उभी राहिली. हातमागाच्या जाड लुगड्यासोबत गिरणीचं तलम पातळ, छापील चिटाचे परकर, मांजरपाटाचे सदरे घरात आले. एका रंगाची वाकळ हळूहळू अनेकरंगी झाली, ती या काळात.

शिवण्याचा हंगाम चैत्र-वैशाखाचा. रबीची सुगी उरकलेली, दुपार मोठी, रानात काम नाही. सारवलेल्या ओसरीवर अस्तराचं लुगडं ताणून पसरायचं आणि चारी कोपऱ्यांवर दगड किंवा पाटे ठेवायचे. मग आतले थर येतात. फाटकं धोतर, सदऱ्याची पाठ, परकराचे तुकडे, एकाची झीज दुसऱ्यानं झाकली जाईल असे मांडायचे. वर चांगलं लुगडं, कडेला त्याचेच काठ. आधी लांब कच्चे टाके, म्हणजे थर सरकत नाहीत. नंतर जाड दोऱ्यानं कडेपासून आत धावदोरा भरत जायचं, चौकोनात चौकोन, बोटभर अंतर ठेवून. चार बाया चार बाजूंना बसतात आणि टाके आत सरकतील तशा त्याही सरकत गोधडीवर येऊन बसतात. एखादीची ओळ वाकडी गेली की लगेच आवाज येतो, "अगं माय, जरा ताणून धर की कोपरा." कुणाचा टाका बारीक, कुणाचा लांब, वर्षानंतरही बाया बोट ठेवून सांगतात की ही ओळ आक्काची आणि ही धाकट्या जावेची.

या बसण्याला मजुरी नसते. आज तुझ्याकडे, परवा माझ्याकडे, अशी शेतातल्या सावडीसारखीच ही सावड. म्हणजे गोधडी कुणाला द्यायच्या आधीच ती चार घरांनी दिलेली असते. मला यातली खरी ताकद इथे दिसते.

देण्याचे प्रसंग ठरलेले. सगळ्यांत आधी बाळंतविडा. झबलं, टोपडं, कुंची आणि दुपटं. दुपटं नव्या कापडाचं करत नाहीत, कारण नवी खळ तान्ह्याला टोचते. आजीचं, तेही वापरून मऊ झालेलं लुगडं हवं. लग्नात रुखवतात गोधडी मांडली जाते. वऱ्हाड उतरलं की शेजारच्या घरांमधून गोधड्या गोळा होतात. पाहुण्यांपुढे जी येईल ती घरातली चांगलीच असायला हवी. म्हातारं माणूस गेलं की पेटीतली लुगडी लेकी-सुनांमध्ये वाटली जातात आणि त्यांच्या गोधड्या होतात. बीडकडचे ऊसतोड मजूर दिवाळीच्या आसपास कारखान्यांच्या वाटेला लागतात, तेव्हा बैलगाडीत किंवा ट्रकमध्ये भांड्यांसोबत गोधड्यांचा गठ्ठा असतोच, आणि त्यातली एखादी गावात मागे राहिलेल्या सासूनं शिवलेली असते.

मोठा फरक पडला तो सिंथेटिक साडीनं. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांमध्ये नायलॉन आणि पॉलिस्टर स्वस्त झालं. साडी टिकाऊ झाली, रंग उडेनात, बायांचा धुण्याचा त्रास वाचला, आणि ते चांगलंच झालं. पण तिची गोधडी घसरते, घाम शोषत नाही, सुई जाताना कापड सरकतं. त्यात मऊ ब्लँकेटं बाजारात आली. नवरात्राच्या आधी नदीवर नेऊन गोधड्या धुण्याचं कामही जड वाटू लागलं. भिजलेली वाकळ पिळायला दोघी लागतात.

आता काही बचत गट मशीनवर गोधड्या शिवून विकतात. त्यातून बायांच्या हातात पैसा येतो, म्हणून त्याला नावं ठेवू नयेत. मात्र मशीनची गोधडी नव्या तुकड्यांची असते आणि ती घेणाऱ्याला ठाऊक नसलेल्या हातांची असते. घरच्या दुपट्यासाठी मात्र अजूनही आत्याला, मावशीला फोन जातो, की तुमच्याकडे आईचं एखादं सुती लुगडं उरलंय का.