घडीची कॅनोपी आणि ताडपत्रीची शेड: सामान नेमकं कशाखाली ठेवायचं?

चार-सहा खांब, वर कापड, बाजूंना पडदे. फोटोत दोन्ही सारख्याच दिसतात आणि दोन्हींना सर्रास ‘टेंट’ म्हटलं जातं. म्हणून मोटरसायकल, बागेची अवजारं किंवा दुरुस्तीच्या काळात घराबाहेर काढलेलं फर्निचर महिनोन्‌महिने झाकायला बरेच जण घडीची कॅनोपी आणतात. त्या कामासाठी ती बनवलेलीच नसते.

कॅनोपीचा सांगाडा एकमेकींना छेदणाऱ्या पातळ पट्ट्यांचा असतो. दोघांनी कोपरे धरून ओढले की ती काही मिनिटांत उभी राहते. ज्या सांध्यांमुळे ही सोय मिळते, तिथेच ती आधी मोडते. जवळ कोणीतरी आहे आणि वारा सुटला की ती मिटली जाणार, हे तिच्या रचनेत गृहीतच धरलेलं आहे. शेडचे पाइप मात्र एकमेकांत बसवून बोल्टने आवळलेले असतात. उभारायला बराच वेळ जातो आणि ती पटकन मिटता येत नाही. मध्यरात्री वादळ आलं तर तिला एकटीनेच टिकायचं असतं. माझ्या मते खरा फरक हाच आहे. किंमत आणि आकार नंतर बघावेत.

वाऱ्याचा हिशेब एकदा करून पाहाच. ताशी ३६ किलोमीटर वेगाचा वारा दर चौरस मीटरवर ढोबळमानाने ६ किलोचा दाब देतो. वेग दुप्पट, म्हणजे ७२ झाला की दाब चौपट होऊन २५ किलोच्या घरात जातो. ३ मीटर रुंद, २ मीटर उंच अशा एका पडद्यावर तो १५० किलो होतो, आणि घडीच्या कॅनोपीचं स्वतःचं वजन असतं जेमतेम १५ ते ३० किलो. सामान भिजू नये म्हणून कॅनोपीला चारही बाजूंनी पडदे लावले की तिचं शीड होतं. ती उडून कोणाच्या अंगावर पडू शकते, म्हणून हे कळकळीने सांगतो: पडदे लावलेली कॅनोपी बेवारस सोडू नका.

शेडही नुसती उभी करून भागत नाही. आधी पायाचा चौकोन काटकोनात आला का ते पाहा. दोन्ही कर्ण मोजा, ते सारखे भरले पाहिजेत. इथे फरक राहिला तर वरचं कापड कधीच नीट ताणलं जात नाही. मग सांगाडा जमिनीला बांधा आणि कापड त्यानंतरच चढवा. न बांधलेल्या सांगाड्यावर कापड चढवून उद्यावर काम टाकणं धोक्याचं. सोबत आलेल्या बारीक खुंट्या बहुतेकदा अपुऱ्या पडतात. मातीत पिळून घालायचे स्क्रूचे अँकर कितीतरी घट्ट धरतात. जमीन भुसभुशीत असेल तर ते जास्त लांब घ्या. काँक्रीटवर अँकर बोल्टच हवेत. खांबाला वजन म्हणून बांधलेला २० लिटरचा पाण्याचा कॅन २० किलोच धरतो, एवढं वरच्या हिशेबाशी ताडून पाहा.

पाण्याचं गणित आणखी सोपं. छतावर १ चौरस मीटर जागेत ५ सेंटिमीटर पाणी साचलं तर तो ५० किलोचा भार. कॅनोपीच्या पातळ पट्ट्या त्याने वाकतात. कमानी किंवा उतरत्या छताच्या शेडवर पाणी ओघळून जातं, पण कापड ताठ असेल तरच.

ताण सांभाळणं हीच शेडची मुख्य निगा. नवं कापड पहिल्या काही दिवसांत सैल पडतं, तेव्हा पुन्हा आवळा आणि प्रत्येक जोराच्या वाऱ्यानंतर तपासा. सैल कापड फडफडतं आणि पाइपवर घासून तिथेच फाटतं. त्या जागी जुन्या ट्यूबचा तुकडा किंवा फोम गुंडाळून ठेवावा. स्वस्त शेडवर बहुधा विणलेल्या पॉलिथिनची ताडपत्री असते. उन्हातल्या अतिनील किरणांनी ती हळूहळू ठिसूळ होते, म्हणून घेताना यूव्ही प्रक्रिया केलेलीच घ्या आणि कधीतरी ती बदलावी लागेल हे धरून चाला. पॉलिथिनला साधा गोंद चिकटत नाही. भोक पडलं तर जागा पुसून कोरडी करा आणि दोन्ही बाजूंनी ताडपत्रीची चिकटपट्टी लावा. पीव्हीसीचं कापड जास्त जड आणि महाग, पण त्याला ठिगळ चिकटवता येतं.

एका बाबतीत मात्र उघडी कॅनोपी सरस ठरते, ती म्हणजे हवा. बंद शेडमध्ये जमिनीतला ओलावा वर येतो, रात्री थंड झालेल्या कापडाला आतून दव धरतं आणि थेंब सामानावर पडतात. पाऊस नसतानाही अवजारं गंजतात ती यामुळे. जमिनीवर जाड प्लॅस्टिक अंथरा, सामान लाकडी पॅलेटवर ठेवा, दोन्ही टोकांना वरच्या बाजूला झरोके मोकळे ठेवा आणि कोरड्या दिवशी दार उघडा. पेट्रोलचे कॅन किंवा गॅसची टाकी मात्र आत ठेवूच नका.

हवामान खात्याने वादळाचा इशारा दिला, तर शेडचंही कापड वेळेत उतरवून ठेवा आणि सामान घरात हलवा. नुसता सांगाडा वारा सहज जाऊ देतो.