जुनाट वेदना : पुनर्वसन आणि जगण्याची प्रत (मराठवाडा)

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या किंवा पुन्हा पुन्हा उलटणाऱ्या वेदनेला वैद्यकात जुनाट वेदना म्हणतात. मूळ इजा कधीच भरून आलेली असते, पण मज्जारज्जू आणि मेंदूतील वेदनेची यंत्रणा हळवी होऊन बसते. मग हलक्या दाबानेही ठणका उठतो. म्हणूनच एक्स-रे 'नॉर्मल' आला तरी माणूस खोटे बोलत नसतो. मज्जारज्जूत वेदनेचे संदेश कमीजास्त होऊ शकतात, हा विचार मेल्झॅक व वॉल या संशोधकांनी १९६५ मध्ये मांडला. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत (लागू २०२२) जुनाट वेदनेला स्वतःचे स्थान मिळाले.

मराठवाड्यात हे दुखणे 'कंबर धरली', 'गादी सरकली', 'पायात मुंग्या येतात' अशा शब्दांत दवाखान्यात पोचते, तेही बहुधा बरेच दिवस अंगावर काढल्यावर. तोवर बिब्बा, निरगुडीचा शेक, मेडिकलवरून आणलेल्या गोळ्या आणि गावातल्या डॉक्टरची सुई एवढे सगळे होऊन गेलेले असते. शेकाने आराम पडतो आणि त्यात वावगे काही नाही. वेदनाशामक गोळ्या मात्र महिनोन् महिने घेतल्यास जठर आणि मूत्रपिंडाला भोवतात.

दुखण्याची मुळे इथल्या कामात आहेत. खुरपणी आणि कापूस वेचणीत दिवसदिवस उकिडवे बसणे किंवा वाकणे, टंचाईच्या महिन्यांत टँकरवरून हंडे वाहणे, आणि ऊसतोड. बीड व आसपासच्या जिल्ह्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या कारखान्यांकडे निघतात. नवराबायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. तोडलेल्या उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचे असते. उचल आधीच घेतलेली असल्याने सुट्टी म्हणजे खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. कंबरेला विश्रांती द्या, हा सल्ला अशा माणसाला देणे सोपे आहे. ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजल्यावर २०१९ मध्ये राज्य शासनाने चौकशी समिती नेमली. अशा शस्त्रक्रियेत बीजकोशही काढले गेले, तर अकाली रजोनिवृत्ती येऊन हाडे लवकर ठिसूळ होतात आणि कामाने शिणलेल्या पाठीत आणखी भर पडते.

नांदेड जिल्ह्यातील काही गावांत कारण पाण्यात सापडते. बोअरच्या पाण्यातील फ्लोराइड लिटरमागे १.५ मिलिग्रॅमच्या वर असेल आणि ते वर्षानुवर्षे पोटात जात राहिले, तर आधी दात पिवळे-तपकिरी पडतात, प्रमाण जास्त असल्यास पुढे सांधे व मणका आखडतो. हाडांवर झालेला परिणाम मागे फिरत नाही. इथे पुनर्वसनाची पहिली पायरी म्हणजे पिण्याच्या पाण्याचा उद्भव बदलणे.

पुनर्वसनाचे उद्दिष्ट वेदना शून्यावर आणणे हे सहसा नसते. वेदना असतानाही माणसाला कामाधामात, घरात आणि चारचौघांत परत आणणे हे असते. व्यायाम हा त्याचा कणा. तो थोड्यापासून सुरू करून ठरल्या मापाने वाढवायचा. रुग्ण नेमके उलटे करतो: बरे वाटले की एका दिवसात सगळे वावर उरकतो आणि मग चार दिवस अंथरूण धरतो. म्हणून दुखू लागण्याची वाट न पाहता, ठरावीक वेळाने उठायचे, पाठ सरळ करायची आणि काम बदलायचे. खुरपणाऱ्या बाईला हे जमते, मात्र तिच्याबरोबरच्या बायकांनी आणि मुकादमाने ते समजून घ्यायला हवे. त्याच्या जोडीला झोप, भीती व खचलेपणा यांवरचे समुपदेशन असते. मज्जातंतूच्या वेदनेवर कमी मात्रेत अमिट्रिप्टिलिन हे मूळचे नैराश्यावरचे औषध दिले जाते. ती 'डोक्याची गोळी' आहे असे कुणी सांगितले की घरचे ती बंद करून टाकतात. ती का दिली, हे आधीच सांगितलेले बरे.

प्रगती मोजण्याच्या प्रश्नावल्या मात्र परक्या घरातल्या वाटतात. कंबरदुखीसाठी जगभर वापरली जाणारी ऑस्वेस्ट्री प्रश्नावली 'बसणे' विचारते ते खुर्चीवरचे. इकडे मांडी घालून पंगतीला बसता येते का, चुलीपुढे उकिडवे बसून भाकरी थापता येते का, एसटीच्या उंच पायरीवर चढता येते का आणि पैठणहून पंढरीला वारीबरोबर जाता येते का, यावर माणूस आपले बरेवाईट ठरवतो. वारी चुकली म्हणून डोळ्यांत पाणी आणणारा म्हातारा वेदनेला दहापैकी किती गुण देतो, ही माहिती त्यापुढे दुय्यम ठरते. जागतिक आरोग्य संघटना जगण्याची प्रत ठरवताना माणसाची संस्कृती आणि त्याच्या अपेक्षा धरते, तेव्हा तिच्याच व्याख्येत हे प्रश्न बसतात.

छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, लातूर आणि नांदेड येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत अस्थिरोग विभागाचे उपचार मिळतात. पण आठवड्यातून तीनदा भौतिकोपचारासाठी (फिजिओथेरपी) यायचे म्हणजे तीन रोज बुडवायचे आणि वर गाडीभाडे. ऊसतोड कामगाराचे उपचार तर हंगामाला गावाबाहेर पडताच तुटतात. त्यामुळे दोन-तीन व्यायाम घरच्या माणसासमोर नीट करून घेणे आणि ते कागदावर चित्र काढून देणे हेच इथे जास्त टिकते.

दिव्यांग हक्क कायद्यात (२०१६) २१ प्रकार नोंदलेले आहेत. नुसती वेदना त्यांत नाही. फ्लोराइडने पाठ वाकलेल्या माणसाला चलनवलनाच्या दिव्यांगत्वाखाली तपासून घेता येते. ज्याचे सांधे हलतात पण रात्री झोप लागत नाही, त्याच्यासाठी त्या तक्त्यात रकाना नाही.