पावसातले ड्रायव्हर, मेडिक्लेमचा हप्ता आणि आगीचा विमा

पाऊस सुरू झाला की दोन तक्रारी एकाच चहावर ऐकू येतात. पहिली बोरघाटातली. धुकं इतकं की पुढचा ट्रक दिसत नाही, आणि मधल्या लेनमध्ये कुणीतरी चारी इंडिकेटर लुकलुकवत तीसच्या वेगाने चाललेला. तो लेन बदलणार की थांबणार, काही कळायला मार्ग नाही. त्याला चुकवून शंभरने जाणारा दुसरा, त्याच्या टायरची नक्षी पार झिजलेली. दुसरी तक्रार बारमाही: ‘एक रुपयाचा क्लेम केला नाही, तरी मेडिक्लेमचा हप्ता वाढलाच.’

या दोन्हींचा एकमेकींशी संबंध असेल असं बोलणाऱ्याच्या मनातही नसतं. पण विमा कंपन्यांचे जुने हिशेब पाहिले तर संबंध आहे. २००७ पर्यंत या दोन्हींतला तोटा बऱ्याच अंशी तिसराच कुणीतरी भरून काढत होता: गिरण्या, कारखाने आणि गोदामांचा आगीचा विमा.

वाहनाच्या विम्याची गोष्ट आधी सुरू होते. १९३९च्या मोटार वाहन कायद्यात ‘थर्ड पार्टी’ विम्याची तरतूद होती आणि १ जुलै १९४६ पासून तो सक्तीचा झाला. हेतू साधा होता. गाडीखाली सापडलेल्या माणसाच्या घरच्यांना भरपाई मिळावी, गाडीवाल्याकडे पैसे असोत की नसोत. पुढे अपघात दावा न्यायाधिकरणं आली. मृताचं वय, कमाई, मागे राहिलेली माणसं यांवर भरपाई ठरू लागली आणि मृत्यू वा दुखापतीच्या भरपाईला कमाल मर्यादा राहिली नाही. हप्ता मात्र सरकारी दरपत्रकाने बांधलेला.

१९७३ पासून देशातला सगळा सर्वसाधारण विमा सरकारी झाला. १०७ कंपन्यांचं विलीनीकरण होऊन चार उरल्या: मुंबईची न्यू इंडिया, कोलकात्याची नॅशनल, दिल्लीची ओरिएंटल आणि चेन्नईची युनायटेड इंडिया. आग, मोटार, इंजिनीअरिंग या विम्यांचे दर टॅरिफ ॲडव्हायजरी कमिटी ठरवी. आगीच्या विम्याचे दर भरपूर चढे होते, त्यामुळे त्यात नफा असे. मोटार थर्ड पार्टीचे दर वाढवायचे म्हटलं की ट्रकवाल्यांच्या संपाची टांगती तलवार, म्हणून तिथे तोटा. एका खिशातून काढून दुसऱ्यात घालायचं, असं वर्षानुवर्षं चाललं.

या दरपत्रकातली एक गोष्ट आजही तशीच आहे आणि घाटातल्या तक्रारीचं मूळ माझ्या मते तिथे आहे. थर्ड पार्टीचा हप्ता गाडीवर ठरतो, चालवणाऱ्यावर नाही. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत १००० सीसीपर्यंतच्या खासगी कारला २,०९४ रुपये, १५०० सीसीपर्यंत ३,४१६ रुपये आणि त्यापुढे ७,८९७ रुपये. गेल्या पावसाळ्यात दोनदा कुणाला धडकवणारा आणि वीस वर्षांत बंपरला ओरखडाही न येऊ दिलेला, दोघांची गाडी एकाच आकाराची असेल तर पैसे सारखेच. नो क्लेम बोनस आहे, २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत; पण तो स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागावर. दुसऱ्याला केलेल्या इजेचा त्या सवलतीशी संबंध नाही.

मेडिक्लेम या घरात बराच उशिरा आला. त्याआधी कामगारांसाठी १९५२ पासून राज्य विमा योजना होती आणि केंद्र सरकारी नोकरांसाठी १९५४ पासून सीजीएचएस. दुकानदार, वकील, शेतकरी, खासगी नोकरीतला कारकून यांच्यासाठी फारसं काही नव्हतं. १९८६ मध्ये चार सरकारी कंपन्यांनी मेडिक्लेम आणला आणि त्याच सुमारास प्राप्तिकरात मेडिक्लेमच्या हप्त्यावर ८०डी कलमाची सवलत आली. पुष्कळांनी तो आजारपणासाठी कमी आणि मार्चअखेरीच्या करबचतीसाठी जास्त घेतला, हे एजंट मंडळी अजून हसत सांगतात.

त्या जुन्या पॉलिसीच्या अटी आज वाचल्या तर त्या काळातलं रुग्णालय डोळ्यांसमोर उभं राहतं. किमान २४ तास दाखल असायला हवं. नोंदणी नसलेलं रुग्णालय असेल तर किमान १५ खाटा हव्यात, लहान गावात १० चालतील. मोतीबिंदू, हर्निया, मूळव्याध, हायड्रोसील यांना पहिल्या वर्षी पैसे नाहीत. आधी स्वतः बिल भरायचं आणि मग कागदांची चळत घेऊन कंपनीच्या ऑफिसात खेपा घालायच्या. कॅशलेस, म्हणजे बिल थेट कंपनीने रुग्णालयाला भरायचं, हा शब्द टीपीएंच्या (कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या मध्यस्थांच्या) नियमांनंतर, म्हणजे २००१ नंतर, रुळला.

आरोग्य विम्याला आगीसारखं सरकारी दरपत्रक कधीच नव्हतं, तरी हप्ता स्वस्त राहिला. कंपन्यांच्या गट-मेडिक्लेममध्ये तर फारच. कारण उघड होतं. एखाद्या कारखान्याचा आगीचा विमा पदरात पडणार असेल, तर त्याच्या कामगारांचा मेडिक्लेम पडत्या भावात द्यायला विमा कंपनी तयार असे.

१ जानेवारी २००७ ला आग, इंजिनीअरिंग आणि वाहनाच्या स्वतःच्या नुकसानीचे दर मोकळे झाले. खासगी कंपन्या २००० पासून मैदानात होत्याच. आगीचे दर धडाधड कोसळले आणि ज्या नफ्यावर बाकीचं चाललं होतं तो आटला. थर्ड पार्टीचे दर मात्र बांधलेलेच राहिले, म्हणून ट्रक-बसच्या दाव्यांसाठी सगळ्या कंपन्यांचा, दावे आपसांत वाटून घेणारा, ‘पूल’ करावा लागला. तो २०१२ पर्यंत टिकला. आरोग्य विमा राहिला उघड्यावर. तिथे दर वाढवायला ना संप आड येत होता ना दरपत्रक.

पहिला चटका २०१० च्या जुलैत बसला. चार सरकारी कंपन्यांनी मुंबई, दिल्ली, चेन्नई, बेंगळुरू इथल्या अनेक मोठ्या रुग्णालयांत कॅशलेस थांबवलं. हप्त्यापोटी येतं त्यापेक्षा जास्त बिलांत जातं, असं त्यांचं म्हणणं होतं. विमा आहे म्हटल्यावर रुग्णालयं बिल फुगवतात, हाही त्यांचा आरोप होता. रुग्णालयं म्हणत होती की ठरवून दिलेल्या दरांत आमचा खर्च निघत नाही. दोघांच्या भांडणात स्ट्रेचरवरच्या माणसाचा मुलगा एटीएमच्या रांगेत.

इथे एक गोष्ट नीट पाहायला हवी. विमा कंपनीवर नियामक (आयआरडीएआय) आहे, खासगी रुग्णालयाच्या दरांवर नाही. महाराष्ट्रात १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा आहे आणि २०२१ मध्ये त्याच्या नियमांत दरफलक, रुग्णहक्कांची सनद वगैरे आलं. पण फलकावर काय दर लिहायचा, ते रुग्णालय ठरवतं. अपवाद कोविडचा. मे २०२० मध्ये राज्य सरकारने खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटांचे दर बांधून दिले: साध्या वॉर्डसाठी दिवसाला ४,००० रुपये, व्हेंटिलेटरविना आयसीयू ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,०००. साथ सरली, तशी ती दरबंदीही गेली.

त्यामुळे कंपन्यांनी आपला बचाव पॉलिसीच्या बारीक अक्षरांत केला. रूम रेंटची अट हा त्यातला अस्सल नमुना. समजा, विमा ३ लाखांचा आणि खोलीभाड्याची मर्यादा रोज १ टक्का, म्हणजे ३,००० रुपये. तुम्ही ६,००० ची खोली घेतली. वरचे रोजचे ३,००० आपल्या खिशातून जातील, एवढंच घरच्यांना वाटतं. प्रत्यक्षात डॉक्टरची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग, सगळंच त्या प्रमाणात निम्मं होतं, कारण रुग्णालयाचे हे दरही खोलीच्या दर्जाप्रमाणे चढतात. दोन लाखांच्या बिलात लाखभर हातचे गेलेले डिस्चार्जच्या दिवशी कळायचं. जून २०२० मध्ये नियामकाने औषधं, इम्प्लांट आणि तपासण्या या कात्रीतून बाहेर काढल्या, तेवढा दिलासा.

नियामकाने आणखीही केलं. २०११ मध्ये पोर्टेबिलिटी, म्हणजे जुने फायदे राखून कंपनी बदलण्याची सोय, आली. २०१३ च्या नियमांनी आयुष्यभर नूतनीकरणाचा हक्क दिला आणि एकट्याच्या क्लेमवरून त्याचा हप्ता वाढवण्याला मनाई केली. हे चांगलंच झालं. पण मग हप्ता वाढवायला दोनच वाटा उरल्या: वयाचा टप्पा आणि सगळ्या ग्राहकांना एकत्र लागू होणारी वाढ. ‘मी तर क्लेम केलाच नाही’ या तक्रारीचं उत्तर इथे आहे. न केलेल्या क्लेमची शाबासकी बोनसच्या रूपाने विम्याच्या रकमेत मिळते, हप्त्यात सहसा नाही. रस्त्यावर कसं वागता याची किंमत जवळजवळ शून्य, आणि वय वाढणं, जे कुणाच्याच हातात नाही, त्याची वसुली पुरेपूर. मला ही उलटी तऱ्हा हप्त्याच्या आकड्यापेक्षा जास्त खटकते.

वाहनांच्या बाजूने पावसाने एकदाच विम्याची भाषा बदलली, २६ जुलै २००५ ला. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईत गाड्या छपरापर्यंत बुडाल्या. पाणी ओसरल्यावर अनेकांनी सवयीने सेल मारला. सिलिंडरमध्ये हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो, इंजिन जातं. कंपन्यांचा पवित्रा असा की पूर आला हे मान्य, पण सेल तुम्ही मारलात, हे नुकसान नंतरचं. दर मोकळे झाल्यावर काही वर्षांत ‘इंजिन प्रोटेक्ट’ नावाचं जादा पैशांचं कवच निघालं ते याच भांडणातून.

बाकी, पावसातल्या ड्रायव्हरला आपण देतो तेवढा दोष आकडे देत नाहीत. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या वार्षिक अहवालांत बहुसंख्य अपघात स्वच्छ हवेत नोंदलेले असतात. पाऊस मुळात वर्षाचे चार महिने, हे त्याचं एक कारण. आणि आरटीओच्या ट्रॅकवर आठचा आकडा काढला, चढावर गाडी मागे न घसरू देता उचलली की लायसन मिळतं. ओल्या रस्त्यावर ब्रेक कसा दाबायचा हे कुणी विचारत नाही. मग बोरघाट, ताम्हिणी नाहीतर आंबोलीतच शिकायचं.

अलीकडची वर्षं कराने गाजली. १९९४ मध्ये देशात सेवाकर आला तेव्हा पहिल्या तीन सेवांत टेलिफोन आणि शेअर दलालीबरोबर सर्वसाधारण विमा होता. दर ५ टक्के. पुढे तो वाढत गेला आणि जुलै २०१७ मध्ये जीएसटीने १८ वर नेला. जुलै २०२४ मध्ये नागपुरातल्या आयुर्विमा कर्मचारी संघटनेचं निवेदन पुढे करत नितीन गडकरींनी हा कर काढावा असं पत्र अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांना लिहिलं आणि विषय देशभर गाजला. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला. नोकरीच्या ठिकाणच्या गट-विम्यावर तो राहिला. शिवाय कंपन्यांना स्वतःच्या खर्चावरच्या कराची वजावट मिळेनाशी झाल्याने १८ टक्क्यांतले सगळेच ग्राहकाच्या हाती उरतील असं नाही. ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर आधी नियामकाशी बोला, हा आदेश मात्र जानेवारी २०२५ पासून आहे. ८०डीचं म्हणाल तर नव्या करप्रणालीत ती सवलतच नाही.

आणि वाहनचालकाच्या वागण्यावर हप्ता? २०१९ मध्ये नियामकाने त्यासाठी कार्यगट नेमला. जानेवारी २०२१ मध्ये त्याने सुचवलं की सिग्नल तोडणं, दारू पिऊन चालवणं यांचे गुण मोजून विम्यात वेगळा हप्ता लावावा आणि सुरुवात दिल्लीत करावी. जुलै २०२२ मध्ये गाडी किती आणि कशी चालवता यावर आधारलेल्या ऐच्छिक कवचांना परवानगी मिळाली. ती स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागापुरती आहेत, आणि घेणारा बहुधा आधीच जपून चालवणारा असतो.