पोळ्याचा ब्रश दिवाळीला का चालत नाही

पोळा सरला की वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या गावी गोठ्यागोठ्याच्या कोनाड्यात ऑइलपेंटची छोटी डबी दिसते आणि तिच्यात उभा खोचलेला ब्रश. बैलांची शिंगं रंगवायला आणलेला. तोरणाखाली झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, होतात, दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी बैल घेऊन तान्ह्या पोळ्याला निघतात, आणि ब्रश डबीतच राहून जातो. दिवाळीला दारं रंगवायची म्हणून काढावा, तर केसांची झालेली असते फळी. मग त्यावर घासलेट ओतायचं, थिनर ओतायचं, दगडावर आपटायचा आणि शेवटी उकिरड्यावर फेकायचा. कारण विचारलं तर सगळे एकच सांगतात : "वाळला."

या एका शब्दातच सगळी चूक आहे. ऑइलपेंट कपड्यासारखा वाळत नाही. कपड्यातून पाणी निघून जातं. ऑइलपेंटमधून थोडं टर्पेंटाइन उडतं हे खरं, म्हणून पहिल्या तासाभरात वास येतो. पण रंग टणक होतो तो काही निघून गेल्यामुळे नाही. तो टणक होतो, कारण त्याच्यात बाहेरून काहीतरी शिरतं. हवेतला ऑक्सिजन. जवसाचं शुद्ध तेल काचेवर पातळ पसरून ठेवा. घट्ट होताना त्याचं वजन वाढतं, दहा टक्क्यांहूनही जास्त. वाळणारी वस्तू जड कशी होईल?

ही गोष्ट विदर्भातल्या माणसाला लवकर समजायला हवी, कारण तिचा कच्चा माल आपल्याच वावरातला आहे. ऑइलपेंटमध्ये रंगाच्या भुकटीला धरून ठेवणारं जे राळेसारखं द्रव्य असतं, त्याला अल्किड म्हणतात आणि ते वनस्पती तेलापासून बनवतात. जवस, सोयाबीन, करडई. शेंगदाण्याचं तेल त्यात चालत नाही. का चालत नाही, ते पुढे पाहू; आधी स्वयंपाकघरात जा. सोयाबीन तेलाच्या डब्याच्या बाहेरून ओघळलेलं तेल महिन्या-दोन महिन्यांत पिवळट, चिकट थर होऊन बसतं. साबणाने निघत नाही, नखाने खरवडावं लागतं. तो थर म्हणजे बिनरंगाचा ऑइलपेंटच आहे. कुटून ठेवलेली जवसाची चटणी खवट होते, तिथेही पहिली पायरी हीच असते.

आता जरा रेणूत डोकावू. तेलाच्या रेणूला मेदाम्लाच्या तीन लांब शेपट्या असतात. जवसात सगळ्यात जास्त असतं ते लिनोलेनिक आम्ल : १८ कार्बनची साखळी, तिच्यात तीन दुहेरी बंध. सोयाबीन आणि करडईत लिनोलेइक आम्ल जास्त, त्यात दुहेरी बंध दोन. खरी गंमत दुहेरी बंधात नाही, दोन दुहेरी बंधांच्या मधोमध सापडलेल्या कार्बनमध्ये आहे. त्याच्यावरचा हायड्रोजन फार सैल धरलेला असतो. तो निसटला की त्या जागी एक एकटा, जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन उरतो. असा रेणू शेजारून जाणारा ऑक्सिजन लगेच पकडतो, ऑक्सिजन धरलेला रेणू शेजारच्या शेपटीचा हायड्रोजन ओढतो, आता ती शेपटी एकटी पडते, ती पुन्हा ऑक्सिजन पकडते. साखळी सुरू. यातून पेरॉक्साइडं, म्हणजे ऑक्सिजनची जोडी धरलेली कच्ची संयुगं, बनतात, ती फुटतात, त्यातून आणखी एकटे रेणू तयार होतात, आणि असे दोन एकटे समोरासमोर आले की एकमेकांना कायमचे चिकटतात. लिनोलेनिकमध्ये अशा सैल जागा दोन, लिनोलेइकमध्ये एक, आणि शेंगदाणा तेलात भरपूर असणाऱ्या ओलेइक आम्लात एकही नाही. म्हणून या तेलांत जवस सर्वांत वेगाने घट्ट होतो. कारखान्यात या साखळीला घाई करायला कोबाल्ट, मँगनीज अशा धातूंचे क्षार अगदी थोडे घालतात. त्यांना ड्रायर म्हणतात. तोही शब्द दिशाभूल करणाराच.

चिकटून चिकटून शेवटी काय उरतं? वेगवेगळे रेणू उरतच नाहीत. एका शेपटीला दुसरी, दुसरीला तिसरी, अशी गाठ बसत बसत ब्रशमधला सगळा रंग एकच जाळं होतो. विरघळणं म्हणजे रेणू सुटे होऊन द्रावकात पोहणं. इथे सुटं व्हायला कोणी शिल्लकच नाही. घासलेटमध्ये महिनाभर बुडवा, जाळं फार तर थोडं फुगेल.

म्हणजे ब्रश वाचवायचा असेल तर लढाई ऑक्सिजनशी आहे, आणि ही गोष्ट आमच्याकडच्या पेंटरांना पुस्तकाशिवाय माहीत आहे. मागच्या उन्हाळ्यात घरी रंगकाम होतं. संध्याकाळी पेंटरभाऊंनी ऑइलपेंटचे ब्रश न धुता पाण्याच्या डब्यात बुडवले. मी विचारलं, "भाऊ, तेलाचा रंग पाण्यात काहून ठेवता?" ते म्हणाले, "माह्या वस्तादानं सांगतलं सर. रातभर ठेवा, सकाळी झटका अन् चालू करा." वस्ताद शंभर टक्के बरोबर होते. तीस अंश तापमानाला एक लिटर हवेत सुमारे २७० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. तेवढ्याच पाण्यात जास्तीत जास्त साडेसात. शिवाय पाण्यातून ऑक्सिजन सरकतो तो हवेच्या सुमारे दहा हजार पट सावकाश. ३६ पट कमी साठा आणि दहा हजार पट कमी वेग. ब्रशभोवतीचा ऑक्सिजन एकदा संपला की नवा पोचायला रात्र पुरत नाही. फक्त ही युक्ती एक-दोन रात्रींची आहे. डुकराच्या केसांचा ब्रश पाण्यात फुगून लिबलिबीत होतो, केस बांधणाऱ्या पत्र्याला गंज चढतो, दांडी फुगते. पोळा ते दिवाळी पाण्यात ठेवलात तर रंग राहील आणि ब्रश जाईल.

जास्त दिवस ठेवायचा असेल तर धुण्याला पर्याय नाही, आणि तिथेही लोक द्रावक वाया घालवतात. समजा ब्रश कितीही पिळला तरी त्याच्यात २० मिलिलीटर ओल राहतेच आणि तुमच्याकडे २०० मिलिलीटर टर्पेंटाइन आहे. सगळं एकदम ओतून खळबळलं, तर २२० पैकी २० ब्रशमध्ये राहिले, म्हणजे रंगाचा अकरावा हिस्सा आतच. आता तेच टर्पेंटाइन ५०-५० करून चार वेळा वापरा आणि दर वेळी ब्रश पिळा. दर वेळी ७० पैकी २०, म्हणजे दोन सप्तमांश उरतो. चार वेळा गुणा : १६ भागिले २४०१. दीडशेवा हिस्सा. खर्च तोच. तांदूळ धुताना आई पाणी थोडं थोडं घेऊन तीनदा धुते, तेच हे गणित. शेवटी साबणाच्या पाण्याने धुवा. वापरलेलं टर्पेंटाइन नालीत किंवा विहिरीजवळ ओतू नका. बरणीत झाकून ठेवा. रंगाची भुकटी जड असते, दोन-चार दिवसांत तळाशी बसते आणि वरचं निवळलेलं पुढच्या वेळच्या पहिल्या धुण्याला चालतं.

धुताना पत्र्याच्या अगदी तोंडाशी बोटाने दाबून पाहा. केसांमधल्या बारीक फटी म्हणजे दिव्याची वात. रंग त्यांतून वर चढतो आणि पत्र्याखाली जाऊन बसतो. टोकं स्वच्छ दिसतात, पण मुळाशी गाठ होते आणि पुढच्या खेपेला ब्रश फिसकारतो.

ब्रश पुसलेल्या चिंध्यांबद्दल मात्र मी हात जोडून सांगतो. ऑक्सिजन पिताना तेल उष्णता सोडतं. काचेवर ती उडून जाते. पण जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला, तर आत उष्णता कोंडते, त्याने क्रिया वाढते, ती आणखी उष्णता देते, आणि काडी न लावता बोळा पेट घेऊ शकतो. २३ फेब्रुवारी १९९१ ला अमेरिकेत फिलाडेल्फियातल्या वन मेरिडियन प्लाझा या ३८ मजली इमारतीत २२व्या मजल्यावर अशाच चिंध्यांनी आग लागली, तीन अग्निशामक जवान गेले. आपल्याकडे लग्नघरी रंगकाम होतं ते एप्रिल-मेच्या पंचेचाळीस अंशांत, शेजारी कुटाराचा ढीग. चिंध्या मोकळ्या पसरून, सुटसुटीत वाळू द्या, किंवा पाण्याने भरलेल्या डब्यात बुडवून झाकण लावा.

आणि अशी आग कुठे लागलीच, तर भानामतीचं नाव घेऊ नका. घरातले कपडे आपोआप पेटल्याच्या प्रकरणांत बहुधा माणसाचाच हात असतो, हे अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षं दाखवून दिलं आहे. ज्या थोड्या आगींना खरोखर काडी लागत नाही, त्यांचं कारण हे असं चौथीच्या मुलाला दाखवता येण्यासारखं असतं. तरीही गावातल्या एखाद्या म्हातारीकडे बोट दाखवलं जातं. करणी करते म्हणून कोणावर आळ घेणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

पाण्याच्या रंगाची, म्हणजे इमल्शनची आणि ॲक्रेलिक डिस्टेंपरची, गोष्ट नेमकी उलटी. त्यात प्लॅस्टिकचे अतिसूक्ष्म गोळे पाण्यात तरंगत असतात. पाणी उडालं की ते एकमेकांवर दाबले जाऊन एकजीव होतात आणि मग पाण्यात परत सुटे होत नाहीत. इथे शत्रू ऑक्सिजन नाही, कोरडी हवा आहे. म्हणून जेवायला उठताना रोलर ओल्या फडक्यात, वरून प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळा. दुसऱ्या दिवशीपर्यंत सहज टिकतो. रोलरची लव भरपूर रंग धरते, त्यामुळे धुण्याआधी पट्टीने खरवडून तो रंग बादलीत परत घ्या आणि मग तेच चार वेळांचं गणित. मे महिन्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावात एका रोलरला दोन बादल्या पाणी घालवणं मला पाहवत नाही.

टणक ब्रश उकळत्या व्हिनेगरमध्ये घालून नवा करण्याचे व्हिडिओ फिरतात. इमल्शन थोडं मऊ पडेल. ऑइलपेंटचं जाळं आम्लाला दाद देत नाही. ते तुटतं कॉस्टिक सोड्यासारख्या तीव्र अल्कलीने, पण डुकराचा केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा, आणि केराटिनही त्याच कॉस्टिकमध्ये विरघळतं. जुना, कडक झालेला ब्रश कोरडाच घासून भुगा उडवू नका. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत ९० पेक्षा जास्त नको, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ ला लागू झाला. त्याआधीच्या डब्या गोठ्यांत अजून सापडतात.

धुतलेल्या ब्रशचे केस बोटांनी सरळ करा, वर्तमानपत्राच्या कागदात घडी घालून गुंडाळा आणि दांडीच्या भोकात दोरी ओवून केस खाली ठेवून टांगा. केसांवर उभा ठेवला तर ते एकदा वाकतात ते वाकलेच. आमच्या घरचे तिन्ही ब्रश, शिंगांवरच्या लाल रंगाचा धरून, सध्या आढ्याच्या खिळ्याला आहेत. धनत्रयोदशीच्या आधी चौकट रंगवायची आहे.