गावच्या विकास आराखड्यात आपलं काम का येत नाही? मागणी कधी, कशी आणि कुठल्या कागदांसह द्यायची

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत बहुतेक गावांत हाच वाद होतो. कोणीतरी उठतं, आमच्या आळीचं गटार किती वर्षं मागतोय म्हणतं, आणि समोरून उत्तर येतं की ते आराखड्यात नाही. मग आवाज चढतात, सभा संपते आणि गटार तसंच राहतं. चिडणाऱ्या माणसाचं चुकत नाही, पण त्याला आजवर कोणी नीट सांगितलेलंच नसतं की हा आराखडा कधी ठरतो आणि त्यात काम घालायला काय लागतं. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आराखडा म्हणजे ग्रामपंचायत विकास आराखडा, ऑफिसात सगळे जीपीडीपी म्हणतात. १४व्या वित्त आयोगाचे पैसे थेट ग्रामपंचायतीला यायला लागले तेव्हा, म्हणजे २०१५ पासून, आपल्या राज्यात 'आमचं गाव आमचा विकास' या नावाने हे सुरू झालं. नियम असा की गावाने एकत्र बसून पुढच्या वर्षाची कामं ठरवायची आणि पैसा त्यावरच खर्च करायचा. सरपंचाच्या किंवा भाऊसाहेबांच्या मर्जीचा हा विषय नाही. (भाऊसाहेब म्हणजे ग्रामसेवक, त्या पदाचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय, अर्जावर तेच लिहा.)

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते तारखेत. पुढच्या आर्थिक वर्षाच्या आराखड्याची मोहीम २ ऑक्टोबरला सुरू होते आणि साधारण डिसेंबर-जानेवारीपर्यंत यादी पक्की होऊन ऑनलाइन चढते. म्हणजे २६ जानेवारीला तुम्ही हात वर करता तेव्हा एप्रिलपासूनची यादी जवळपास बंद झालेली असते. तुमची मागणी खरं तर त्याच्या पुढच्या वर्षासाठी धरली जाते, तेही कोणी लिहून घेतली तर. त्यामुळे अर्ज सप्टेंबरच्या शेवटी किंवा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेआधीच द्या. नंतर पुरवणी आराखडा करता येतो, पण तो करायला ग्रामपंचायत स्वतःहून क्वचितच उठते, त्यामुळे त्यावर विसंबू नका.

दुसरी गोष्ट, मागणी तोंडी करू नका, हे कितीही सांगितलं तरी कमीच. सभेत बोललेलं प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे सभेच्या इतिवृत्तात, येतंच असं नाही आणि प्रोसिडिंगमध्ये नाही म्हणजे तुम्ही बोललातच नाही. अर्जाला ठरावीक फॉर्म नाही, फी नाही, साधा कागद चालतो. दोन प्रती काढा, एक द्या आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. पोच द्यायला टाळाटाळ झाली तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपून ठेवा.

अर्जात नुसतं 'रस्ता करून मिळावा' लिहू नका. कुठून कुठपर्यंत, अंदाजे किती मीटर, गट नंबर किंवा घर नंबर काय, किती घरांना उपयोग, आत्ता अडचण काय होते, आणि आधी तिथे कुठल्या योजनेतून काम झालंय का, हे सगळं लिहा. ज्यांना उपयोग होणार आहे त्या घरांतल्या मतदारांच्या सह्या आणि मतदार यादीतला अनुक्रमांक घ्या. एस्टिमेट तुम्ही करून आणायचं नसतं, ते शाखा अभियंत्याचं काम आहे. बाहेरच्या माणसाला पैसे देऊन एस्टिमेट काढून आणणारे लोक मी बघितलेत, ते पैसे वाया जातात, कृपा करून असं करू नका.

मागणी करू शकतो कोण, तर ज्याचं नाव त्या ग्रामपंचायतीच्या मतदार यादीत आहे तो ग्रामसभेचा सदस्य. घर गावात आहे, घरपट्टी भरतो, पण मतदान मुंबईत, असं असेल तर सदस्य नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गात हे फार होतं, चाकरमानी गणपतीला येतात, वाडीत बसून पाखाडीचा (पायऱ्यांच्या वाटेचा), विहिरीचा सगळा विषय ठरवतात, अर्ज स्वतःच्या सहीने देतात आणि परत जातात. नंतर कोणी हरकत घेतली की अर्ज बाजूला. साधा उपाय आहे, गावात राहणाऱ्या आईची, काकांची, भावजयीची सही पहिली घ्या आणि अर्ज त्यांच्या नावाने द्या.

आता पैशाचं गणित, कारण निम्म्या मागण्या इथेच पडतात. १५व्या वित्त आयोगात (२०२०-२१ ते २०२५-२६) राज्याला आलेल्या ग्रामीण निधीचा ८० टक्के वाटा ग्रामपंचायतींना आणि १०-१० टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषदेला असं वाटप होतं. ग्रामपंचायतीच्या पैशातला २०२१-२२ पासून ६० टक्के बंधित (ठरलेल्या कामांनाच वापरायचा) आणि ४० टक्के अबंधित (गावाच्या गरजेप्रमाणे वापरायचा) होता. बंधितातला निम्मा पिण्याच्या पाण्याला, निम्मा स्वच्छतेला. म्हणजे समजा गावाला १० लाख आले तर ३ लाख पाण्याचे, ३ लाख स्वच्छतेचे आणि बाकी सगळ्याला मिळून उरतात ४ लाख. गावातली बहुतेक सगळी मागणी मात्र काँक्रीट रस्ता आणि पेव्हर ब्लॉकची, ती या ४ लाखांत कशी बसणार? त्यामुळे मागणी करताना डोकं वापरा. सांडपाण्याचं गटार, शोषखड्डा, सार्वजनिक शौचालयाची दुरुस्ती हे स्वच्छतेत जातं, पाइपलाइन आणि पाऊसपाणी साठवण पाण्यात जातं, तिथे स्पर्धा कमी असते. देवळाचं बांधकाम राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीतल्या २९ विषयांत नाही, त्यासाठी इथे अर्ज करून वर्ष घालवू नका. २०२६-२७ पासून १६व्या आयोगाचा काळ आहे, त्यामुळे चालू वर्षाची बंधित-अबंधित टक्केवारी आणि गावाला मिळणारी रक्कम अर्ज देतानाच लेखी विचारा.

शिवाय गावाच्या स्वतःच्या उत्पन्नातून, म्हणजे घरपट्टी वगैरेतून, १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. हे बऱ्याच जणांना माहीतच नाही. दिव्यांगांनी आपली नोंद ग्रामपंचायतीत झाली आहे का ते आधी बघावं, नोंदच नसेल तर खर्च कोणावर दाखवणार? पेसा गावांत, म्हणजे अनुसूचित आदिवासी क्षेत्रातल्या गावांत, आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी वेगळा येतो, त्याची कामं ठरवायचा अधिकार पाड्याच्या ग्रामसभेचा आहे.

आता तो कागद, जो कोणाकडेच नसतो. जागेचा. आजोबांनी शाळेला, अंगणवाडीला, रस्त्याला जागा 'दिली' असं सगळं गाव सांगतं, पण सातबाऱ्यावर अजून आजोबांचंच नाव, ते वारलेले, वारस दहा ठिकाणी. अशा जागेवर अंगणवाडी किंवा पाण्याची टाकी मागितली की काम यादीत येतं आणि मान्यतेच्या वेळी परत फिरतं, निधी दुसऱ्या कामाला जातो. स्टॅम्प पेपरवर एका भावाने लिहून दिलेली संमती यावर पुरी पडत नाही. जागा कायमची ग्रामपंचायतीच्या नावे करायची तर नोंदणीकृत बक्षीसपत्र लागतं आणि त्यावर सातबाऱ्यातल्या सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या लागतात, बहिणींच्यासुद्धा. म्हणून आधी वारसनोंद, मग बक्षीसपत्र, मग कामाची मागणी, या क्रमाने जा. यात वर्ष जाऊ शकतं, पण उलटं गेलात तर दरवर्षी तेच.

रस्ता असेल तर तो ग्रामपंचायतीच्या नमुना २३ मध्ये, म्हणजे रस्त्यांच्या नोंदवहीत, आहे का ते बघा. इमारत असेल तर नमुना २२ बघा. नोंद नसेल तर आधी नोंदीचा अर्ज. गायरान सरकारचं असतं, तिथे नुसत्या ग्रामसभेच्या ठरावावर बांधता येत नाही, महसूलची परवानगी लागते. जमीन वनखात्याची असेल तर निराश होऊ नका. वनहक्क कायदा २००६ च्या कलम ३(२) मध्ये शाळा, अंगणवाडी, पाण्याची पाइपलाइन, रस्ता अशा १३ सुविधांसाठी १ हेक्टरपेक्षा कमी जागा मिळू शकते, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडावी लागत नसतील तर. त्याला ग्रामसभेची शिफारस मात्र हवीच. हा मार्ग माहीत नसल्यामुळे कितीतरी वाड्या 'फॉरेस्टची जागा आहे' एवढं ऐकून गप्प बसतात, याचं वाईट वाटतं.

सभेबद्दल थोडं. कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातलं जे कमी असेल ते. कोरम नसेल तर सभा तहकूब, आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही. म्हणजे पहिल्या सभेला कंटाळून घरी गेलात की दुसऱ्या सभेत मोजकी माणसं बसून सगळं मंजूर करू शकतात, हे लक्षात ठेवा आणि तहकूब सभेची तारीख विचारूनच उठा. नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते. तिचा उपयोग करा, पाण्याची आणि शौचालयाची मागणी तिथून ठरावाने आली तर ती डावलणं अवघड जातं. पण बऱ्याच गावांत ही सभा न होताच रजिस्टर घरोघरी सह्यांना फिरतं. सभा झाली नसेल तर बायांनो, सही करू नका.

ठराव झाला म्हणजे काम झालं, असंही नाही. काम ई-ग्रामस्वराज पोर्टलवर चढलं तरच पैसे पडतात. ते बघायला लॉगिन लागत नाही, मोबाईलवर वर्ष, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत निवडली की मंजूर आराखडा दिसतो. फेब्रुवारीत एकदा आणि एप्रिलमध्ये एकदा बघा. कामाचं नाव, ठिकाण आणि रक्कम तिन्ही तपासा, कारण 'गावात गटार करणे' एवढंच लिहिलेलं असेल तर ते गटार दुसऱ्या आळीत होऊ शकतं. नाव नसेल तर पोचची प्रत जोडून ग्रामपंचायतीला पुरवणी आराखड्यासाठी अर्ज द्या, त्याची एक प्रत गटविकास अधिकाऱ्यांना द्या, आणि त्याच दिवशी १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकारात ठरावाची नक्कल मागा. उत्तराला ३० दिवसांची मुदत असते, तोवर पुढची ग्रामसभा कधी आहे ते विचारून ठेवा.