सरपंचाची खुर्ची : दीडशे वर्षांची पार्श्वभूमी

गावात अविश्वास ठराव आला की चर्चा माणसांची होते. कोण फुटला, कोणाची भावकी कोणाकडे गेली, सदस्य सहलीला कुठे नेऊन ठेवले. ही चर्चा खोटी नसते, पण अपुरी असते. आपल्याकडे स्थानिक लोकप्रतिनिधीची खुर्ची इतकी का डळमळते, याचं अर्धं उत्तर गावात आणि अर्धं मुंबईत बदलत राहिलेल्या कायद्यांत आहे.

सुरुवातीला तर बहुतेक ठिकाणी निवडून येण्याचा प्रश्नच नव्हता. जोतीराव फुले 1876 ते 1882 या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते, तेही सरकारनियुक्त. व्हाइसरॉयच्या पुणे भेटीनिमित्त हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा विरोधात मत देणारे ते एकटेच निघाले. तो पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च व्हावा, असं त्यांचं म्हणणं होतं. 1882 मध्ये लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा ठराव आला आणि नगरपालिकांत लोकांनी निवडलेल्या सदस्यांचा शिरकाव वाढत गेला.

निवडून आलेल्या माणसाला लोकांच्या बाजूने उभं राहता येतं, तसं लोकांच्या रागापुढे वाकावंही लागतं. महाडइतकं याचं स्पष्ट उदाहरण मला दुसरं दिसत नाही. 1923 मध्ये सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने मंजूर केला: सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. महाड नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळं खुलं असल्याचा ठराव केला आणि सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्यासारखे नगराध्यक्ष उघडपणे सुधारणेच्या बाजूने उभे राहिले. पण कागदावर खुल्या झालेल्या तळ्यावर प्रत्यक्षात कोणी जाऊ शकत नव्हतं. 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले, पाणी प्यायले, आणि ऑगस्टमध्ये त्याच नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला. हक्क न्यायालयात सिद्ध व्हायला 1937 उजाडलं. टिपणीसांसारख्यांनी स्वतःच्याच गावात किती रोष पत्करला असेल, याचा विचार केला की आजच्या सत्तांतराच्या बातम्या फार लहान वाटतात.

स्वातंत्र्यानंतर गावपातळीवर 1958 चा ग्रामपंचायत कायदा आला. वतनदार पाटलाचं पद 1962 च्या कायद्याने संपलं आणि गावाच्या कारभाराचं तोंड सरपंचाकडे वळलं. दरम्यान वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवर 1961 चा जिल्हा परिषद कायदा उभा राहिला आणि 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. पुढची नेतृत्वाची एक अख्खी पिढी याच शिडीवरून वर चढली. विलासराव देशमुख बाभळगावचे सरपंच होते, आर. आर. पाटील सांगली जिल्हा परिषदेचे सदस्य.

पण शिडीच्या पायऱ्या वेळेवर मिळतील याची खात्री कधीच नव्हती. जिल्हा परिषदांच्या निवडणुका 1962, 1967, 1972 अशा झाल्या, मग 1979, आणि त्यानंतर थेट 1992. तेरा वर्षं! पंचविशीत तयारीला लागलेला कार्यकर्ता तोवर चाळिशीला आला होता. 73 वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 रोजी लागू झाली ती याच दुखण्यावर: दर पाच वर्षांनी निवडणूक, स्वतंत्र राज्य निवडणूक आयोग, स्त्रियांना एक तृतीयांश जागा. महाराष्ट्राने 2011 मध्ये स्त्रियांच्या जागा वाढवून एकूण जागांच्या निम्म्या केल्या. सरपंचपतींनी कारभार हाकल्याचे किस्से सगळ्यांना पाठ आहेत. पण सुरुवातीला सहीपुरत्या आलेल्या कितीतरी जणी पुढे ग्रामसेवकाकडे दप्तर मागू लागल्या, त्यांच्याबद्दल फार कमी बोललं जातं. त्यांची अडचण वेगळी: काम हातात बसेपर्यंत मुदत संपते आणि पुढच्या सोडतीत आरक्षण बदलतं.

अविश्वासाचं गणित मात्र गावोगाव सारखंच होतं. सदस्यांतून निवडलेल्या सरपंचाला हटवायला साधारणपणे दोन तृतीयांश सदस्य पुरत. नऊ जणांच्या पंचायतीत सहा. घरपट्टीच्या वसुलीत कडक राहिलेला किंवा अतिक्रमणाला हात लावणारा सरपंच या सहांच्या हिशेबात सहज सापडे. 2017 मध्ये सरकारने सरपंच थेट जनतेतून निवडायचं ठरवलं. त्याला हटवायला तीन चतुर्थांश सदस्य आणि वर ग्रामसभेची मान्यता लागू लागली. सरपंचाची खुर्ची स्थिर झाली, पण सरपंच एका पॅनेलचा आणि बहुमत दुसऱ्याचं, अशा गावांत मासिक सभा अडू लागल्या. 2020 मध्ये नव्या सरकारने थेट निवड रद्द केली, 2022 मध्ये त्यापुढच्या सरकारने ती परत आणली. पाच वर्षांत तीनदा नियम फिरला, आणि तिन्ही वेळा गावाला कोणी विचारलं नाही, याची मला खरी चीड आहे.

शहरांची कथा त्याहून वाईट. ओबीसी आरक्षणावरचा सर्वोच्च न्यायालयाचा 2021 चा निकाल आणि प्रभागरचनेचे वाद यांत निवडणुका अडकल्या. मार्च 2022 मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि प्रशासक आला. राज्यभर अनेक महापालिकांत आणि जिल्हा परिषदांत तेच झालं. निवडणुका घ्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला मे 2025 मध्ये द्यावा लागला. नळाला पाणी नाही म्हणून लोक तोवर माजी नगरसेवकाचंच दार वाजवत होते. तो अधिकाऱ्याला फोन लावी, पण सभागृहात उभं राहून जाब विचारायला त्याच्याकडे सभागृहच उरलं नव्हतं.