पाणी गेल्यावर काय करायचं, आणि परत आल्यावर काय करायचं (हे जास्त महत्त्वाचं)

नमस्कार मंडळी,

आम्ही प्लंबिंगवाले, त्यामुळे पाणी गेलं की आमचे फोन वाजत असतील असं लोकांना वाटतं. तसं काही नाही. पाणी जातं तेव्हा लोक वैतागतात, शेजारी चौकशी करतात आणि घरात किती बादल्या भरलेल्या आहेत ते मोजतात. फोन वाजतो तो पाणी परत आल्यावर, तोही बहुतेक रात्री, आणि बोलणारा माणूस घोट्याएवढ्या पाण्यात उभा असतो. म्हणून हा कागद, फ्रिजवर चिकटवून ठेवा.

आधी पाणी खरंच गेलंय का ते बघा. एकाच नळाला येत नसेल तर त्या नळाच्या तोंडाची जाळी तुंबलीये किंवा खालचा अँगल कॉक (फक्त त्या नळाचं पाणी बंद करणारा छोटा कॉक) कुणीतरी बंद केलाय. घरात कुठेच नाही पण शेजारी येतंय, तर मेन कॉक (सगळ्या घराचं पाणी बंद करणारा) बघा, साफसफाईच्या नादात तो फिरवला जातो आणि मग कुणीच कबूल करत नाही. वर टाकी असेल तर झाकण काढून बॉलकॉक (टाकी भरली की पाणी बंद करणारा, दांड्याला तरंगता गोळा असलेला कॉक) बघा, त्याचा दांडा वरच अडकून बसला असेल तर टाकी रिकामी असली तरी त्याच्या लेखी ती भरलेलीच असते. दांडा हलक्या हाताने खाली दाबा, पाणी सुटलं तर आमची गरज नाही (निदान आज तरी).

आता नळांचं. आपण नळ सोडतो, आतून नुसतं सूंऽऽ ऐकू येतं, वैतागून दोन्हीकडे फिरवतो आणि तसाच टाकून निघून जातो. पाणीच नसल्यामुळे उघडा राहिला की बंद झाला हे कळायला मार्ग नसतो. त्यात सिंकमध्ये भांडी पडलेली आणि जाळीवर खरकटं बसलेलं, म्हणजे पाणी आलं की थेट जमिनीवरच. तेव्हा पाणी असतानाच कुठला नळ कुठल्या बाजूला बंद होतो ते नीट बघून ठेवा, आणि पाणी नसताना घराबाहेर पडत असाल तर सरळ मेन कॉकच बंद करून जा.

गिझरचा स्वीच लगेच बंद करा. चांगल्या गिझरमधलं पाणी उलटं जाऊ नये म्हणून व्हॉल्व्ह असतो, पण तो जुना झाला की आतली टाकी हळूहळू रिकामी होते आणि कोरडी कॉइल तापून जळते. पंपाचंही तेच, आतलं सील पाण्यानेच थंड राहतं, त्यामुळे "जरा चालवून बघू, येईल" असं करत कोरडा पंप चालवू नका. आणि एक गोष्ट जी कुणी सांगत नाही, नळाला लावलेल्या पाईपचं टोक बादलीत बुडालेलं असेल तर ते आधी बाहेर काढा. लाईनमधलं प्रेशर गेलं की तोच पाईप बादलीतलं पाणी उलटं ओढतो, पोछ्याचं असलं तरी ओढतो, आणि ते पिण्याच्या लाईनमध्ये जातं.

साठा किती ठेवायचा? संकटकाळात मदत करणाऱ्या संस्था पिण्यापासून धुण्यापर्यंत सगळं धरून माणशी दिवसाला निदान १५ लिटर धरतात, म्हणजे चार माणसांना २० लिटरच्या तीन बादल्या. पिण्याचं वेगळं आणि झाकून. फ्लशसाठी टाकीत तांब्या-तांब्याने ओतत बसू नका, अर्धी बादली थेट भांड्यात एकदम ओता, जोर लागतो तो एकदम पडणाऱ्या पाण्याचा. हात किंवा भाज्या धुतलेलं पाणी यासाठी उत्तम.

पाणी आलं की घाई नको. सगळ्यात खालचा गार पाण्याचा नळ थोडासाच उघडा, तो आधी खोकेल, थुंकेल, मग लालसर पाणी सोडेल. लाईनमध्ये बसलेला गंज आणि गाळ ढवळून येतो, बाकी काही नाही. स्वच्छ धार येईपर्यंत वॉशिंग मशीन आणि फिल्टर दोन्ही बंद ठेवा, पांढऱ्या कपड्यांवर पडलेला गंजाचा डाग आम्हालाही काढता येत नाही. मग नळांच्या जाळ्या काढून उलट्या करून आपटा, बारीक वाळू पडेल. पाण्याबद्दल शंका वाटत असेल तर ते निवळू द्या, गाळा आणि खळखळून उकळी आल्यावर पुढे १ मिनिट उकळू द्या. गिझर मात्र गरम पाण्याच्या नळाला न थुंकता सलग धार आल्यावरच चालू करायचा.

बाकी सगळीकडे पाणी आलं आणि वरच्या टाकीवरचा एखादाच नळ नुसता फुसफुसतोय, तर लाईनमध्ये हवा अडकलीये. आमच्या धंद्याला मारक युक्ती सांगतो: थेट लाईनच्या (वरच्या टाकीतून न येणाऱ्या), जोरात चालणाऱ्या नळापासून त्या नळापर्यंत स्वच्छ पाईप घट्ट लावा, दोन्ही नळ उघडा, मिनिटभराने दोन्ही बंद करून पाईप काढून घ्या, हवा बहुतेक मागे ढकलली जाते. दोनदा करूनही नाही झालं तर आम्हाला फोन करा. फोन करायच्या आधी मेन कॉक कुठे आहे तेवढं शोधून ठेवा, मागे एका घरात तो कपाटामागे निघाला आणि ते भरलेलं कपाट आम्हीच सरकवलं.